ओसाड धर्मशाळेतली दुपार : बालकवींची ‘पारवा’

आमच्या घरात एका शब्दाने आम्हांला बरीच वर्षे फसवले. शब्द अगदी साधा. उन्हाळ्यात दुपारची जेवणे आटोपली, भांडी निघाली की माझ्या सासूबाई ओट्यावर येऊन बसत आणि म्हणत, ‘‘दुपारी काही करमत नाही गं.’’ मनावरची वैशाखातली दुपार ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात काही नवल वाटणार नाही. मान नदीचे पात्र आटलेले, कापसाचा हंगाम कधीच सरलेला, बाजार अर्धा मिटलेला आणि रस्त्यावर उन्हाखेरीज कोणी नाही. अशा वेळी म्हाताऱ्या माणसाला कंटाळा यायचाच, असे आम्ही धरून चाललो. मुलाने त्यांच्यासाठी टीव्ही आणून दिला. पुढे केबल आली, कीर्तनांच्या कॅसेटी आल्या. प्रत्येक नव्या वस्तूचे त्या दोन दिवस तोंडभरून कौतुक करीत आणि तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा ओट्यावर येऊन बसत. माझी मुलगी तेव्हा शाळेत होती. ती शेजारपाजारी सांगे, ‘‘आजी बोर हो रही है.’’ आणि मी जन्मभर हिंदी शिकवलेली बाई. मीही मनातल्या मनात ‘करमत नाही’चे भाषांतर ‘ऊब’ असे करून मोकळी झाले होते.

ते भाषांतर चुकले होते, हे मला एका कवितेने दाखवले. हा लेख त्या कवितेविषयी आहे. घरची हकीकत मध्ये मध्ये डोकावेल, ती रसिकांनी चालवून घ्यावी. आता या दोन गोष्टी मला एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत.

कविता बालकवींची, ‘पारवा’. बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे. त्यांचा जन्म १८९० सालचा, खानदेशातल्या धरणगावचा. माझे माहेरही त्याच मुलखातले. नर्मदा ओलांडायची, सेंधव्याचा घाट उतरायचा, शिरपुरापुढे तापी लागली की माझ्या लहानपणी माहेर आल्यासारखेच वाटे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी या सोळासतरा वर्षांच्या मुलाला ‘बालकवी’ म्हटले आणि तेच नाव पुढे रूढ झाले. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्टेशनापाशी रेल्वेखाली सापडून त्यांचा अंत झाला. तेव्हा त्यांच्या वयाला अठ्ठावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

शाळेत आम्हांला बालकवी भेटले ते ‘फुलराणी’चे आणि ‘श्रावणमासी’चे. हिरवळ, कोवळे ऊन, इंद्रधनुष्य आणि लाजणारी कळी यांचे. ‘आनंदाचा कवी’ असा शिक्का त्यांच्यावर बसला तो याच कवितांमुळे. पण त्याच माणसाने ‘औदुंबर’ लिहिली, ‘पारवा’ लिहिली. या कवितांमध्ये हिरवा रंग मावळत जातो आणि मागे राहते ते न हलणारे काहीतरी. ‘औदुंबर’वर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. त्यातल्या त्या पाण्यात पाय सोडून बसलेल्या झाडाचा अर्थ लावता लावता समीक्षकांच्या पिढ्या खर्ची पडल्या. ‘पारवा’ त्या मानाने उपेक्षित राहिली, कारण तिच्यात कोडे दिसत नाही. ती सरळ आहे, आणि कंटाळवाण्या वेळेविषयी सरळ बोलणे ही सोपी गोष्ट नव्हे.

कवितेत आहे काय? एक धर्मशाळा आहे. तिची भिंत ढासळली आहे, खांब कलंडला आहे. तिच्या छपरावर एक पारवा बसून एकसुरी, उदास असे काही गातो आहे. वेळ भर दुपारची. सूर्य डोक्यावर आहे आणि एक घार त्याच्याभोवती फेरे घालते आहे. इतर पाखरे झाडांच्या सावलीत आहेत. कवी पारव्याला विचारतो : तुला उडावेसे वाटत नाही का, हिरव्या पालवीत जाऊन राहावेसे वाटत नाही का, तुला काही दुखते खुपते का? पारवा उत्तर देत नाही. मग कवी स्वतःच एक उत्तर तयार करतो, त्यात बुद्धाचे नाव घेतो आणि शेवटी आपल्या जगातल्या गरम वाऱ्यांकडे परत येतो. संपली कविता. घडले काय? काहीच नाही. पारवा जेथे होता तेथेच आहे.

आता प्रश्न असा की, जिच्यात काही घडत नाही अशी कविता आपल्याला कंटाळा न आणता कंटाळा कसा दाखवते? रडणाऱ्या माणसाचे वर्णन करून वाचकाला रडवता येते. पण कंटाळलेल्याचे वर्णन करून वाचकाला नुसते कंटाळवले तर तो पान उलटतो. येथे भाषेला आणि घाटाला बरेच काम करावे लागते. ते काम बालकवींनी कोठे कोठे केले आहे ते पाहू.

पहिली गोष्ट जागेची. पारवा पडक्या घरावर बसलेला नाही, देवळावर नाही, किल्ल्यावरही नाही. तो धर्मशाळेवर बसला आहे. मोडलेल्या घराला निदान कोणीतरी मालक असतो, त्याचे दुःख असते. देऊळ पडले तरी आत देव असतो. किल्ला पडला की इतिहास आठवतो. धर्मशाळा मात्र कोणाचीच नसते. तिचा सारा जन्म येणाऱ्यांसाठी. कोणी तिच्यात राहत नाही, सगळे उतरतात आणि सकाळी निघतात. म्हणून ती ओसाड पडली तर हळहळायलाही कोणी मागे राहत नाही. ‘रिकामे’ या शब्दाचा याहून नेमका पत्ता मराठी कवितेत मला दुसरा सापडलेला नाही. नर्मदेच्या काठाने परकम्मावासीयांसाठी बांधलेल्या धर्मशाळा आपण लहानपणापासून पाहतो. वर्दळीच्या दिवसांत त्यांत पाय ठेवायला जागा नसते. पण कडक उन्हाळ्यात त्याच ओवऱ्यांतून आपल्याच पावलांचा आवाज आपल्याला दचकवतो. बालकवींनी हाच आवाज ऐकला असावा.

दुसरी गोष्ट क्रियापदांची. कवितेच्या आरंभी जी काही हालचाल आहे ती सगळी भूतकाळात जमा झालेली आहे. ढासळणे आणि कलंडणे या क्रिया पूर्वीच उरकून गेल्या आहेत, आणि त्याही इमारतीच्या. जिवंत प्राण्याच्या वाट्याला बसणे आणि गाणे एवढेच येते. मग सूर्याच्या वाट्याला उभे राहणे येते. घारीला मात्र गती आहे, पण ती वर्तुळातली. ती जेथून निघते तेथेच येते. आणि पुन्हा पारव्याकडे वळताना कवी नकार वापरतो : त्याला अमुक करायची हौस नाही, तमुक नको. पडून गेलेले, थांबलेले, गोल फिरणारे आणि नको असलेले, अशा चार पायऱ्यांनी कवितेतली गती एकेक करून काढून घेतली जाते. ‘मला फार कंटाळा आला’ असे एकदाही न म्हणता कवीने क्रियापदांतूनच दुपार थांबवली आहे. शाळेत व्याकरण शिकवताना मी काळ आणि अर्थ फळ्यावर मांडले, पण भूतकाळ हा रिकामेपणाचा काळ होऊ शकतो, हे मला येथे कळले.

तिसरी गोष्ट वृत्ताची, आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची. ‘पारवा’ दिंडी वृत्तात आहे. दिंडीच्या ओळीत एकोणीस मात्रा. नऊ मात्रांपाशी विसावा, मग दहा. ओळ बहुधा दोन लांब अक्षरांवर जाऊन टेकते, आणि यमके दोन दोन ओळींची. आमच्या आधीच्या पिढीला दिंडी ओळखीची होती ती पुस्तकातून नव्हे, कीर्तनातून आणि नाटकातून. बुवा आख्यान लावत, कथा ऐन रंगात आली की दिंडी म्हणत. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ (१८८०) आणि ‘सौभद्र’ (१८८२) ही संगीत नाटके लिहिली तेव्हा साकी, दिंडी, कामदा या चाली अशाच लोकांच्या कानांतून उचलल्या. म्हणजे दिंडी हे मुळात ‘मग पुढे काय झाले’ हे सांगण्याचे वृत्त. ती सुरू झाली की श्रोता सावरून बसतो. आता कोणी येणार, कोणी पळवणार, कोणी रुसणार, असे त्याच्या कानाला वाटू लागते.

बालकवींनी या गोष्ट सांगणाऱ्या चालीत अशी कविता बांधली, की जिच्यात गोष्टच नाही. चाल पुढे पुढे जाते, विसावा घेते, टेकते, पुन्हा उठते. आणि दर दोन ओळींनी आपण पाहतो तो पारवा तेथेच. कान वाट पाहतो आणि डोळ्यांना काही दिसत नाही. कानाची अपेक्षा आणि डोळ्यांची निराशा यांच्यामध्ये जी फट पडते, तिच्यात या कवितेचा रिकामेपणा आहे. हीच कविता मुक्तछंदात असती तर ती नुसती सैल वाटली असती. रिकामेपणा कळायला भांडे लागते. भांडेच नसेल तर ते रिकामे आहे हे कळणार कसे? दिंडी हे येथे भांडे आहे.

कोणी म्हणेल, दिंडी त्या काळी कवींच्या हाताशीच होती, बालकवींनी ती एवढा विचार करून कशाला निवडली असेल? खरे आहे. त्यांनी जाणूनबुजून निवडली असे मीही म्हणत नाही. पण कवीच्या हाताला जे सापडते ते त्याच्या कानाने आधी शोधलेले असते. आणि वाचकाच्या कानावर होणारा परिणाम कवीच्या हेतूवर अवलंबून नसतो.

आणखी एक बारीकशी गोष्ट. या कवितेत पारवा सतत गातो आहे असे कवी सांगतो, पण त्याचा आवाज कोठेही नक्कल करून ऐकवत नाही. बालकवींना नादाचा किती सोस होता ते आपण जाणतो. झऱ्यांची खळखळ, पाखरांची किलबिल त्यांनी शब्दांत उतरवली. पारव्याचे घुमणे उतरवणे तर अगदीच सोपे होते, ध्रुवपद म्हणूनही वापरता आले असते. ते त्यांनी केले नाही. ध्रुवपदाने कवितेला एक घर मिळते, दर कडव्यानंतर परत यायला जागा मिळते. येथे तशी जागा नाही. गाणे चालू आहे एवढे कळते आणि ते ऐकू येत नाही. खोलीत दुसऱ्या कोपऱ्यात कोणी आपल्याशीच पुटपुटत असावे, तसे.

ध्रुवपदाची गोष्ट निघाली म्हणून आमच्याच बाजूच्या एका कवीची आठवण होते. भास्कर रामचंद्र तांबे (१८७३–१९४१) हे मध्य भारताचे कवी. देवासला त्यांचे शिक्षण झाले, पुढे ग्वाल्हेरचे ते राजकवी झाले. त्यांची ‘रिकामे मधुघट’ ही कविता वसंत प्रभूंच्या चालीमुळे आणि लताबाईंच्या आवाजामुळे घराघरांत पोहोचली. नावातच ‘रिकामे’ आहे. पण तो रिकामेपणा ‘पारवा’तल्यासारखा नाही. तेथे मागणारा सखा समोर आहे, घट रिकामे का झाले याचे कारण ठाऊक आहे, आणि ते एके काळी कसे भरलेले होते याची आठवण ताजी आहे. शिवाय गाण्याचे पहिले चरण फिरून फिरून येते आणि ऐकणाऱ्याचे घट भरतच जातात. ती संपलेल्या गोष्टीची कविता आहे. तिच्यात दुःख आहे, कंटाळा नाही. देवासच्या तांब्यांपाशी रिकामेपणाला सोबत आहे. धरणगावच्या ठोमऱ्यांपाशी ती नाही. दोन्ही कविता एकापाठोपाठ मोठ्याने म्हणून पाहाव्यात, म्हणजे मी काय म्हणते ते समीक्षेवाचून कळेल.

उलट दिशेचे उदाहरण बा. सी. मर्ढेकरांचे. तेही जन्माने खानदेशचे, फैजपूरचे, १९०९ सालचे. त्यांच्या ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहात पिंपात मरून पडलेल्या उंदरांवरची ती प्रसिद्ध कविता आहे. तिच्या शब्दांची चर्चा फार झाली, किळस येते असेही त्या काळी म्हटले गेले. पण ती कविता जरा तालावर म्हणून पाहा. सोळा मात्रांचे पादाकुलक. आणि ‘फुलराणी’? तेही पादाकुलकच! ज्या ठेक्यावर शाळेत आपण कळीचे लग्न लावले, त्याच ठेक्यावर मर्ढेकर उंदरांची मरणे मोजतात. कानाला हिरवळीची सवय आणि हातात काय, तर पिंप. ‘पारवा’त दिंडीचे जे होते तेच येथे पादाकुलकाचे होते, फक्त आता फट रुंद झाली आहे. पारव्याला निदान कोणी विचारपूस करणारे आहे, उंदरांना कोणी काही विचारत नाही. मर्ढेकरांपासून मराठी कवितेत रिकामेपणा आला असे आपण वर्गात शिकवतो. मला वाटते तो आधीच आला होता. एका भर दुपारी तो खानदेशातल्या धर्मशाळेत उतरला होता, इतकेच.

आता या कवितेविषयी माझी तक्रार. उत्तरार्धात कवी पारव्याच्या या अवस्थेला दुःख आणि झोप यांचा मिळून एक जोडशब्द देतो आणि जगासाठी करुणा गाणाऱ्या बुद्धाशी त्याची सांगड घालतो. येथे माझ्या मते कविता डळमळते. इतका वेळ जो रिकामेपणा कवीने सोसला, तो अर्थाने भरून टाकायचा मोह त्याला झाला. पारवा पारवाच राहिला असता तर बरे झाले असते; त्याला एवढ्या मोठ्या आसनावर बसवायची गरज नव्हती. काही रसिकांना हाच भाग सर्वांत उदात्त वाटतो, हे मला ठाऊक आहे. त्यांचा मान राखून मी माझे मत नोंदवते.

पण शेवटच्या ओळींनी कविता स्वतःला सावरते. कवी म्हणतो त्याचा भावार्थ असा, की पारव्या, तुझे जग तुझ्यामागे निजले आहे, गरम वारे वाहताहेत ते माझ्या जगात, तुला त्यांची जाणीवही नाही. या एका वाक्याने सगळे उलटते. इतका वेळ आपण समजत होतो की उदास आहे तो पारवा. नाही. पारवा आपल्या जागी आहे, त्याला काही कमी नाही. ज्याला त्या दुपारी काही सुचत नाही, जो उन्हात उभा राहून एका पाखराला प्रश्न विचारत सुटला आहे, तो कवी आहे. पारव्याला कंटाळा आलेला नाही. कवीला करमत नाही.

येथे मला आमच्या सासूबाईंचा शब्द सापडला.

मराठीत ‘कंटाळा येणे’ आणि ‘न करमणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंटाळा कामाचा येतो, तेच तेच खाण्याचा येतो, भाषणाचा येतो. समोर जे आहे ते नकोसे होणे म्हणजे कंटाळा. करमत नाही तेव्हा समोरचे नकोसे झालेले नसते. जे समोर नाही ते हवे असते. सासरी आलेल्या मुलीला करमत नाही, वसतिगृहातल्या मुलाला करमत नाही, पाहुणे परत गेले की घराला करमत नाही. कंटाळ्याला काही तरी नवे पुरते. न करमण्याला कोणी तरी जुनेच लागते. हे क्रियापदही गमतीचे आहे. ते बहुतेक वेळा नकारातच भेटते. जसे काही मराठी माणसाला करमते आहे हे करमेनासे झाल्यावरच लक्षात येते.

हिंदीत यासाठी ‘मन नहीं लगता’ असा फार सुंदर प्रयोग आहे, आणि तो ‘ऊब’हून वेगळा आहे. म्हणजे हिंदीनेही हा भेद सांभाळलाच आहे; तो पुसला तो आम्ही. दोन भाषांच्या घरात राहणाऱ्यांवर एक संकट असते. दोन्ही भाषांतला बारीक शब्द टाकून दोन्हींत चालेल असा जाडाभरडा शब्द उचलणे सोयीचे जाते. माझी मुलगी कंटाळ्यालाही ‘बोर’ म्हणे आणि न करमण्यालाही ‘बोर’च म्हणे. मी तिला हसत असे. पण मी तरी काय केले? मला दोन्ही भाषा येत असून मी सासूबाईंचे ऐकले नाही, भाषांतर केले. शब्द चुकला म्हणून औषधही चुकले. ज्या बाईला कोणी तरी हवे होते तिच्यापुढे आम्ही वस्तू आणून ठेवत राहिलो.

एका उन्हाळ्यात माहेरून आणलेल्या जुन्या पुस्तकांच्या ट्रंकेत मला ‘पारवा’ सापडली. सुटीचे दिवस होते. दुपारी मी ती ओट्यावर बसून मोठ्याने वाचू लागले, सासूबाईंसाठी असे नव्हे, माझ्यासाठीच. दोन ओळी झाल्या असतील नसतील, त्यांनी मांडीवर बोटांनी ठेका धरला.

‘‘अगं, दिंडी ना ही?’’

‘‘हो आई. तुम्हांला कसं कळलं?’’

‘‘धारला आमच्याकडे कीर्तनं व्हायची ना. बुवा दिंडी म्हणू लागले की आम्ही पोरी जाग्या व्हायचो.’’ मग जरा थांबून म्हणाल्या, ‘‘पुढं वाच. कोण येतं पुढं?’’

मी शेवटपर्यंत वाचले. त्यांना बुद्धाचे काही विशेष वाटले नाही. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, ‘‘म्हणजे कोणीच येत नाही. पण धर्मशाळाच ना ती? मग येईल कोणी, असं वाटत राहतंच.’’

आणि मग अगदी सहज, जसे काही कवितेविषयीच बोलत आहेत अशा सुरात : ‘‘हे कचेरीतून दीडला यायचे जेवायला. सायकल आधी वाजायची वळणावर, मग मी पानं घ्यायची. तेवढ्या वेळात दुपारी काही करमत नाही बघ.’’

मामंजी जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती. अकरा वर्षे आम्ही त्यांना कंटाळा आला आहे असे समजत होतो, आणि त्या रोज दीड वाजता ओट्यावर येऊन बसत होत्या. दुपारच्या जेवणानंतर येतात हे आम्ही पाहिले होते; किती वाजता येतात हे कोणी पाहिले नव्हते.

समीक्षेच्या पुस्तकांत घाट आणि आशय यांची एकरूपता म्हणून जे सांगतात ते मी परीक्षेपुरते पाठ केले होते. ते मला समजले त्या दिवशी. सासूबाईंनी बालकवी वाचलेले नव्हते. पण त्यांच्या कानात दिंडी होती, आणि दिंडीत कोणी तरी यावे लागते हे त्यांना ठाऊक होते. म्हणून कोणी आले नाही हे त्यांना ऐकू आले. मला कवितेचे सगळे शब्द कळत होते. त्यांना तिच्यातली मोकळी जागा कळली.

माझी मुलगी हिंदी माध्यमात शिकली. देवनागरी तिला वाचता येते, मराठी बोलता येते, पण दिंडी तिच्या कानावर कधी पडलीच नाही. नंतर एकदा मी तिला ‘पारवा’ वाचायला दिली. तिने एकटीने, मनातल्या मनात वाचली आणि म्हणाली, ‘‘आई, छान आहे, पण काही होतच नाही यात.’’ तिचे म्हणणे चूक नव्हते. चालीची अपेक्षाच नसेल तर अपेक्षाभंग कोठून होणार? आमच्यासारख्या घरांत मराठी शब्द टिकतात, स्वयंपाकघरात आणि सणावारी ते ऐकू येतात. आधी जातो तो ठेका. आणि ठेका गेला की कवितेतले जे शब्दांत नसते ते सगळे जाते. तेच तर या कवितेत जास्त आहे.

आज सासूबाई नाहीत. मुलगी इंदूरला असते, तिला तिची मुलगी आहे. गेल्या उन्हाळ्यात नात पंधरा दिवस मनावरला राहून गेली. दुपारी ओट्यावर तिला मी ‘पारवा’ वाचून नव्हे, म्हणून दाखवली. नवावर थांबत, दहावर टेकत. अर्थ तिला कितपत लागला असेल कोण जाणे. सात वर्षांचे वय ते. समोरच्या जुन्या घराच्या कवेलूंवर दोन पारवे बसले होते, त्यांच्याकडे ती पाहत होती.

इंदूरला पोहोचल्यावर रात्री तिचा फोन आला. नेहमीसारखे ‘‘आजी, यहाँ मन नहीं लग रहा’’ म्हणेल, किंवा तो दुसरा इंग्रजी शब्द वापरेल, असे मला वाटले होते. ती म्हणाली, ‘‘आजी, मला इथे करमत नाही.’’

मी तिला काय आणून देऊ असे विचारले नाही. पुन्हा कधी येतेस, एवढेच विचारले.